‘शेक’ आणि शब्द : मेंदूवरील किरणोपचारानंतरच्या भाषेची मोजणी

मेंदूतील अर्बुदावर किरणोपचार घेऊन आलेले मराठवाड्यातील अनेक रुग्ण व त्यांचे नातलग या उपचारास ‘शेक’ असे म्हणतात. ‘मुंबईला तीस शेक झाले’ हे वाक्य निलंगा परिसरातील घरांतून प्रस्तुत लेखकाने एकाहून अधिक वेळा ऐकले आहे. क्वचित् ‘लाईट दिली’ असाही प्रयोग होतो. अपरिचित वस्तूस परिचित शब्दाने बांधून घेणे ही बोलीची नित्याची रीत होय, आणि तीत दोष काढण्याचे भाषाभ्यासकास कारण नाही. तथापि शब्दाबरोबर त्याचे अर्थलक्षणही रुग्णाच्या घरी जाते. बाळंतिणीस शेगडीचा शेक देतात, मुक्या मारावर विटेचा शेक देतात. शेक उष्ण असतो, तो अंगाला जाणवतो, आणि शेगडी दूर केली की त्याचा व्यापारही संपतो. किरणोपचाराच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी उलट आहेत. दिवसाकाठी दिल्या जाणाऱ्या सुमारे २ ग्रे इतक्या मात्रेने मेंदूच्या ऊतीचे तापमान अर्ध्या सहस्रांश अंशाच्या आसपासच वाढते. रुग्णास त्या वेळी काहीही जाणवत नाही. आणि परिणाम मात्र यंत्र बंद झाल्यावर थांबत नाही. तो महिन्यांनी, कधी वर्षांनी प्रकट होतो.

हा उशिरा येणारा परिणाम बहुतांशी स्मरण, अवधान व शब्द यांच्या क्षेत्रात प्रकट होतो, आणि तो मोजावयाचा तर भाषेच्याच साहाय्याने मोजावा लागतो. यास्तव हा विषय केवळ वैद्यकाचा राहत नाही. निलंग्याच्या रुग्णाने काय गमावले, हे सांगणारे माप ज्या भाषेत तयार झाले ती भाषा त्या रुग्णाची नसेल, तर नसलेली हानी दिसते व असलेली दिसत नाही. या मापाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. परंतु तत्पूर्वी मेंदूत काय घडते ते पाहिले पाहिजे.

किरण पेशीतील डीएनएचे धागे तोडतात. विभाजन पावणाऱ्या अर्बुदपेशीस ही तूट सांधता येत नाही व ती विभाजनाच्या वेळी मरते. निरोगी पेशीस दोन मात्रांमधील अवधीत बरीचशी दुरुस्ती करता येते. म्हणूनच एकूण मात्रा अनेक दिवसांत वाटून देतात. संथ वाढणाऱ्या अर्बुदास साधारणतः ५४ ग्रे, सहा आठवड्यांत ३० वेळा. ग्लिओब्लास्टोमा या उग्र अर्बुदास बहुधा ६० ग्रे, तितक्याच वेळा. निरोगी मेंदूतील चेतापेशी सहसा विभाजन पावत नाहीत, त्यामुळे पूर्वी असा समज होता की मेंदू किरणांस बऱ्यापैकी दाद देत नाही. पण मेंदू म्हणजे केवळ चेतापेशी नव्हेत. चेतातंतूंवर मायेलिनाचे वेष्टन चढविणाऱ्या पेशी, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर, आणि स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या सागरी घोड्याच्या आकाराच्या भागातील मूलपेशी या सर्वांना किरणांची झळ लागते. २००२ मध्ये मिशेल मॉन्ज्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की किरणांनंतर हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशींची निर्मिती जवळजवळ थांबते, आणि तेथील दाह हे त्याचे एक प्रमुख कारण असते.

कालदृष्ट्या परिणामांचे तीन टप्पे मानले जातात. उपचार चालू असताना थकवा, डोकेदुखी, केस गळणे; पुढील काही महिन्यांत गुंगी व सुस्ती, जी बहुधा आपोआप ओसरते; आणि सहा महिन्यांनंतर केव्हाही सुरू होणारा तिसरा टप्पा, जो सहसा मागे फिरत नाही. पहिले दोन टप्पे ‘शेक’ या शब्दात कसेबसे सामावतात. तिसरा सामावत नाही, आणि घरच्यांची खरी फसगत येथेच होते. रुग्ण बरा होऊन परत आला, केस उगवले, शेतावर जाऊ लागला. आणि मग दोन वर्षांनी तो नाव आठवत नाही म्हणून अडखळतो, तेव्हा त्याचा संबंध कोणी जुन्या उपचाराशी लावीत नाही. ‘आळस’, ‘लक्ष नाही’, ‘डोकं फिरलं’ अशी नावे पडतात.

येथे एक इशारा देणे न्याय्य होईल. सर्व हानी किरणांच्या माथी मारता येत नाही. अर्बुद स्वतः, शस्त्रक्रिया, अपस्मारावरील औषधे व डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडे यांचाही वाटा असतो. नेदरलँड्समधील क्लाइन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये संथ अर्बुदाच्या १९५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत बौद्धिक मांद्याचे मुख्य कारण अर्बुद हेच ठरले, आणि किरणांचा स्पष्ट दोष दिसला तो एका वेळची मात्रा २ ग्रेहून अधिक असलेल्यांत. पण त्यांतील ६५ रुग्णांची सरासरी बारा वर्षांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा चित्र पालटले. किरणोपचार न घेतलेल्यांची स्थिती स्थिर होती, घेतलेल्यांचे अवधान मात्र खालावले होते, मात्रा सुरक्षित मानली गेलेली असूनसुद्धा. सहा वर्षांनी जे निर्दोष दिसले ते बारा वर्षांनी तसे राहिले नाही. शेगडी विझल्यावर इतक्या काळाने चटका बसतो, हे कोणत्या शब्दात सांगावे?

आपल्याकडील प्रमाण याहून जवळचे व अधिक बोलके आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात राकेश जलाली व सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वयाच्या २०० रुग्णांवर एक यादृच्छिक तुलना केली व तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांना ५४ ग्रे हीच मात्रा, ३० वेळा दिली गेली; फरक इतकाच की एका गटास रूढ पद्धतीने, तर दुसऱ्यास अर्बुदाच्या आकाराशी काटेकोर जुळवून, म्हणजे सभोवतालचा निरोगी मेंदू शक्यतो वगळून. पाच वर्षांनी काटेकोर पद्धतीच्या गटाचा एकूण बुद्ध्यंक रूढ गटापेक्षा सरस राहिला. अंतःस्रावी ग्रंथींचे नवे विकार रूढ गटात ५१ टक्के, तर काटेकोर गटात ३१ टक्के आढळले. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी व तिच्यावरील अधश्चेतक यांना किरण लागल्याने वाढीचे व इतर संप्रेरक कमी पडतात. उंची खुंटते, यौवनागमन लांबते किंवा अवेळी येते. जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक नव्हता. म्हणजे प्राण वाचविण्याच्या बाबतीत काहीही न गमावता बुद्धीचे व वाढीचे बरेच काही राखता येते, हे मराठी मुलखातील एका रुग्णालयाने जगापुढे मांडले.

याच रुग्णालयाच्या २०१० मधील एका लहान अभ्यासात (रुग्ण अवघे २८) असे दिसले होते की १५ वर्षांखालील मुलांची हानी अधिक होते, आणि डाव्या शंखखंडास, म्हणजे डाव्या कानशिलाच्या आतील भागास, ४३.२ ग्रे वा अधिक मात्रा त्याच्या १३ टक्क्यांहून अधिक भागात पोहोचली असता बुद्ध्यंकाची घट लक्षणीय असते. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके याने शब्दबोधाचे स्थान ज्या प्रदेशात दाखविले तोच हा खंड. भाषाशास्त्राच्या वाचकास येथे थांबावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

आणखी एका गोष्टीवर थांबणे अवश्य आहे. २०१७ च्या त्या तुलनेत एकूण बुद्ध्यंकात व कृतिविषयक बुद्ध्यंकात फरक दिसला. शाब्दिक बुद्ध्यंकात मात्र दोन गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. याचा अर्थ भाषा सुरक्षित राहते असा करावा काय? माझ्या मते तसा करू नये. वेक्स्लर-परंपरेतील शाब्दिक चाचण्या मुख्यत्वे संचित ज्ञान विचारतात : शब्दाचा अर्थ काय, अमुक दोन वस्तूंत साम्य काय. संचित ज्ञान हे मेंदूतील सर्वांत चिवट धन होय. किरणांनी क्षीण होते ते श्वेतद्रव्यातील वहन, म्हणजे वेग. आणि हिप्पोकॅम्पसचे कार्य, म्हणजे नवे ग्रहण. शब्द ठाऊक असणे व तो वेळेवर हाती येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची परीक्षा घेऊन दुसरीविषयी निर्वाळा देता येणार नाही.

मुलांच्या बाबतीत तर ‘घट’ हा शब्दच दिशाभूल करतो. बुद्ध्यंक हे वयानुरूप प्रमाण असल्यामुळे, मूल शिकलेले विसरत नसतानाही त्याचा अंक खाली येतो. कारण बरोबरीची मुले पुढे जातात व त्याची चाल मंदावते. मेंदूच्या मागील भागातील अर्बुदावर उपचार घेतलेल्या मुलांविषयी पामर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हेच दाखविले. निलंगा तालुक्यातील माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईने, ज्यांना बुद्ध्यंक ही संज्ञा ठाऊक असण्याचे कारण नाही, हाच सिद्धान्त मला एका वाक्यात सांगितला : “शिकलेलं इसरला न्हाई सर, पर नवं काई लागायला लई येळ लागतो बगा त्याला.”

हा विद्यार्थी बालपणी मुंबईस सहा आठवडे उपचार घेऊन आला. मायलेक तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली. मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांची मुंबई तेवढीच असते. त्याच्या घरी कन्नड बोलतात, शाळा मराठी झाली, बाजारात दखनी कानावर पडते. निलंगा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते, नंतर उस्मानाबादेत व १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आले. सीमा हलल्या, घरांतील भाषा हलल्या नाहीत. हा विद्यार्थी आज पदव्युत्तर वर्गात आहे. त्याची समज उत्तम आहे. तीन तासांची उत्तरपत्रिका मात्र तो चार तासांत लिहितो. वाढीव वेळेसाठी तो एका कार्यालयात गेला असता त्याचा विकार यादीत नाही असे त्याला सांगण्यात आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात २१ प्रकार नोंदलेले आहेत. त्यांत किरणोपचारोत्तर मंदगती अशी नोंद खरोखरच नाही. बौद्धिक अक्षमतेत तो बसत नाही, कारण त्याचा शाब्दिक बुद्ध्यंक चांगला आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमतेत बसत नाही, कारण ती उपजत मानली जाते. २०२१ च्या विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय ४० टक्के अक्षमतेच्या मर्यादेत कोंडता येणार नाही असा निर्णय दिला खरा. परंतु अडचण सिद्ध करावयास काही तरी अंक हवा, आणि अंकासाठी चाचणी हवी.

आता चाचण्यांकडे वळू. किरणोपचाराच्या आधुनिक प्रयोगांत सर्वाधिक वापरली गेलेली शाब्दिक स्मरण-चाचणी बारा नामांची आहे. तीन अर्थवर्गांतील प्रत्येकी चार नामे तीनदा वाचून दाखवितात, दर वेळी पुन्हा सांगावयास लावतात, आणि सुमारे वीस-पंचवीस मिनिटांनी किती उरली ते मोजतात. मेमँटिन या औषधासोबत संपूर्ण मेंदूस किरण देताना हिप्पोकॅम्पस वगळल्यास बौद्धिक हानीचा धोका सुमारे चतुर्थांशाने घटतो, हा ५१८ रुग्णांच्या अभ्यासाचा २०२० मधील निष्कर्ष ज्या चाचण्यांवर उभा आहे त्यांत ही चाचणी प्रमुख आहे. तिच्या पोटात काय दडले आहे ते पाहावे. बारा शब्दांची वारंवारता, लांबी व वर्गातील प्रातिनिधिकत्व समतोल असावे लागते. फळांच्या वर्गात ‘पेरू’ घातला, तर पुण्यात तो सहज आठवेल. मराठवाड्यात त्या फळास ‘जांब’ म्हणतात, आणि ‘बटाट्या’स ‘आलू’. रुग्णाने ‘पेरू’ ऐकून ‘जांब’ सांगितले तर स्मरणाच्या दृष्टीने ते यश आहे, उत्तरतालिकेच्या दृष्टीने अपयश. चित्र दाखवून नाव विचारणाऱ्या चाचणीत तर ही चूक वाचाघाताच्या लक्षणांत जमा होऊ शकते.

शब्दप्रवाहाच्या चाचणीत इंग्रजी रुग्णास एक वर्ण देऊन त्याने सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगावयास लावतात. मराठीत आपण ‘क’ देतो. परंतु ‘क’ म्हणजे काय? बाराखडी घोकलेल्या माणसास ‘क’ हे अक्षर म्हणजे अकारयुक्त क. तो ‘कमळ, कणीस, कडबा’ म्हणेल आणि ‘किल्ला’, ‘कुदळ’, ‘कोयता’ यांस ‘कि’, ‘कु’, ‘को’ची मालमत्ता समजून वगळील. इंग्रजी शाळेत शिकलेला त्याचा भाऊ सर्व बारा स्वरांची लूट करील. दोघांच्या अंकांतील अंतर मेंदूचे नसून लिपीचे आहे. अक्षरओळख नसलेल्या शेतमजूर स्त्रीस हा प्रश्नच निरर्थक होय. तिला ‘जनावरांची नावे सांगा’ म्हणावे, ती पदवीधरासही मागे टाकील.

अंकस्मरणाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ऐकलेले अंक त्याच क्रमाने म्हणावयाचे, ही चाचणी भाषानिरपेक्ष भासते. पण कानात रेंगाळणाऱ्या स्मृतीत किती अंक मावतील हे ते उच्चारण्यास लागणाऱ्या काळावर अवलंबून असते. एलिस व हेनेली यांनी १९८० मध्ये वेल्श व इंग्रजी बोलणाऱ्यांत हे दाखविले : वेल्श अंकांचा उच्चार लांब, म्हणून त्यांची अंकस्मृती आखूड. आता मराठीचे ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ पाहा. उच्चारात बहुतेक एकावयवी. कन्नडचे ‘ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु’ बहुतेक द्व्यवयवी, आणि ‘ओंबत्तु’ तर त्र्यवयवी. वर सांगितलेल्या विद्यार्थ्यासारख्या रुग्णाची उपचारापूर्वी कन्नडमध्ये व उपचारानंतर मराठीत परीक्षा झाली, तर किरणांनी केलेली हानी मराठी अंकांच्या लाघवात लपून जाईल. क्रम उलटा झाला तर न झालेली हानी नोंदली जाईल. शंभरातून सात-सात वजा करीत जाण्याची रूढ कसोटीही अशीच : त्र्याण्णव, शहाऐंशी, आणि मग ‘एकोणऐंशी’. या शब्दात ‘ऐंशीस एक उणा’ ही स्वतंत्र वजाबाकी दडलेली आहे. इंग्रजी रुग्ण त्या पायरीवर अडखळत नाही. आपला अडखळला तर तो मेंदूमुळे की संख्यावाचकामुळे?

मराठीत काहीच झाले नाही असे नव्हे. १९६० च्या दशकात नागपूर येथे ए. जे. मालिन यांनी वेक्स्लरच्या बालचाचणीचे भारतीय रूप सिद्ध केले, ते मराठीतही. संक्षिप्त चाचण्यांची मराठी भाषांतरेही रुग्णालयांत वापरात आहेत. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी जो विस्तृत बौद्धिक चाचणीसंच तयार झाला, तो प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगु, कन्नड व मल्याळम या पाच भारतीय भाषांत. मराठीचा त्यांत समावेश नव्हता. भाषांतर करणे ही त्यातील सोपी बाजू होय. निरोगी माणसांचे प्रमाणांक, तेही वय, शिक्षण व घरची भाषा यांनुसार, गोळा करणे ही कठीण बाजू, आणि तेथे वैद्यास आपली गरज आहे.

गेल्या वर्षापासून विभागात या दृष्टीने एक लहानसे काम चालू आहे. निलंगा, औराद शहाजानी व आसपासच्या गावांतील आठवडी बाजारांतून फळे, भाज्या, अवजारे व भांडी यांची प्रत्यक्ष वापरातील नावे नोंदवीत आहोत. ‘जांब’ व ‘पेरू’ दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावयाची, की असे द्विरूप शब्द सूचीतून वगळावयाचे, यावर आमच्यात मतभेद आहेत. वगळावेत असे माझे मत आहे, कारण दोन नावांतून एक निवडण्यासही मेंदूस वेळ लागतो. अवजारांच्या वर्गात घालावयाचे चौथे नाव अद्याप ठरलेले नाही : ‘तिफण’ हा शब्द चाळिशीच्या पुढील शेतकऱ्यास तत्काळ सुचतो, पण ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रावर वाढलेल्या मुलांपैकी अनेकांस तो सांगता आला नाही. ज्या विद्यार्थ्यांची घरची भाषा कन्नड, दखनी अथवा तांड्यावरील गोरमाटी आहे त्यांनी आपल्या घरातील निरनिराळ्या वयाच्या व्यक्तींची, त्यांची संमती घेऊन, अंकस्मरणाची नोंद दोन्ही भाषांत करून द्यावी. नोंदीचा नमुना विभागाच्या ग्रंथालयात ठेवला आहे. त्यात प्रथम कोणत्या भाषेत विचारले हा रकाना भरावयास विसरू नये.